अंतर तेच, मग तास वेगळे का?

चुका दाखवणारी पत्रं मी एका वेगळ्या फाइलीत ठेवते. ती फाइल बरेच दिवस रिकामीच होती, त्यामुळे मला जरा ऐट आली होती. गेल्या अंकात लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर ‘सुमारे तीन हजार मैल’ असं लिहून मी मोकळी झाले आणि पंधरा दिवसांत फाइल फुगली.

सत्तावीस वर्षं मी एका विमान कंपनीत डिस्पॅचर होते. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि वेळ यांचा हिशेब मांडून कॅप्टनच्या हातात द्यायचा, हे माझं काम. खिडकी नसलेली खोली, समोर वाऱ्याचे नकाशे आणि भिंतीवर फक्त एक घड्याळ, तेही ग्रीनिचच्या वेळेचं. त्या खोलीत मैल म्हणजे एकच मैल. बाहेरच्या जगात दोन असतात, हे मी लिहिताना विसरले. म्हणून हा सगळा अंक अंतर आणि वेळ विचारणाऱ्या पत्रांनाच देते आहे.

प्रश्न : ताई, तुमच्या तीन हजार मैलांना मी १.६ ने गुणलं. ४,८०० किलोमीटर आले. पुस्तकात मात्र साडेपाच हजारांच्या वर दिले आहेत. साडेसातशे किलोमीटर समुद्रात बुडाले की काय? मी एकक न लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण कापत असे. (एक निवृत्त गणित शिक्षक)

उत्तर : सर, अर्धा कशाला, पूर्ण गुण कापा. माझे मैल सागरी होते आणि मी ते लिहिलं नाही. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. तीन हजार सागरी मैल म्हणजे साधारण ५,५५० किलोमीटर. जमिनीच्या मैलांत हेच अंतर ३,४५० च्या आसपास भरतं. समुद्रात काही बुडालेलं नाही, माझ्या आळसात बुडालं.

पण या जुनाट मापाला विमानवाले अजून का चिकटून आहेत, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पृथ्वीभोवतीच्या वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला. त्या एका कलेएवढं पृथ्वीच्या पाठीवरचं अंतर म्हणजे एक सागरी मैल. त्यामुळे एकाच रेखांशावरच्या दोन ठिकाणांच्या अक्षांशांत दहा अंशांचा फरक असेल, तर अंतर सहाशे सागरी मैल. कॅलक्युलेटर नको, कागदही नको. गंमत म्हणजे मीटरही याच पृथ्वीच्या पोटातून निघाला. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरवलं. म्हणून तर पृथ्वीचा परीघ जवळजवळ बरोबर ४०,००० किलोमीटर येतो. त्याला २१,६०० कलांनी भागून बघा, सर. १.८५ येतील. मीटर आणि सागरी मैल ही एकाच घरातली भावंडं.

परिघावरून आणखी एक गोष्ट आपोआप निघते. जगातल्या कुठल्याही दोन शहरांत २०,००० किलोमीटरपेक्षा फारसं जास्त अंतर असूच शकत नाही. त्याहून पुढे गेलात की दुसऱ्या बाजूनं जवळ यायला लागता. माद्रिद आणि वेलिंग्टन ही जोडी या मर्यादेला अगदी चिकटून आहे. गोळ्याच्या या टोकाला एक, त्या टोकाला दुसरं.

आणि एककाची चूक ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. १९८३ साली कॅनडात एका नव्या बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना लिटरचे किलो करायच्या जागी पौंडांचा आकडा वापरला गेला. हवं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन टाकीत गेलं. साडेबारा किलोमीटर उंचीवर आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. कॅप्टननं ते अवजड विमान पतंगासारखं तरंगत गिमली नावाच्या गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगत.

प्रश्न : मी सातवीत आहे. नकाशावर बीजिंग आणि न्यूयॉर्क एकाच सरळ आडव्या रेषेवर आहेत. मग विमानाचा रस्ता उत्तर ध्रुवाकडे वाकडा का दाखवतात? सरळ गेलं तर लवकर पोचणार नाही का?

उत्तर : तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. दोन्ही शहरं साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. वाकडा आहे तो रस्ता नव्हे, तुझ्यासमोरचा नकाशा.

घरात किंवा शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घे. त्याचं एक टोक बीजिंगवर धर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताण. तो ४० अंशांच्या आडव्या रेषेवर राहणारच नाही. घसरत घसरत वर जाईल, सायबेरियावरून आर्क्टिक समुद्रात शिरेल, ध्रुवापासून सातशे किलोमीटरवरून पलीकडे उतरेल आणि कॅनडावरून खाली येईल. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो. ती वाट साधारण ११,००० किलोमीटरची आहे. तुझ्या त्या ‘सरळ’ आडव्या रेषेनं गेलास तर १४,४०० किलोमीटर पडतील. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरचा फुकटचा हेलपाटा.

सपाट नकाशाचा दोष असा की गोल साल सपाट पसरायची तर ती कुठेतरी ताणावी लागते. आपल्या भिंतीवर बहुतेक वेळा असतो तो नकाशा मर्केटर नावाच्या माणसानं १५६९ मध्ये खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्याला त्यावर सरळ रेघ मारता येते, हा त्याचा मोठा गुण. पण ध्रुवांकडचा भाग त्यात भलताच ताणला जातो. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढं दिसतं. खरी आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे.

आता तुला एक काम. दोरा काढून घे, पट्टीवर मोज. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. गोल लहानमोठा असेल तर विषुववृत्तावरून दोरा एकदा पूर्ण फिरवून मोज आणि ४०,००० ला त्या सेंटिमीटरनी भाग. मी नोकरीला लागले तेव्हा संगणक होते, तरी आमचे वरिष्ठ टेबलावर एक गोल आणि शिवणकामाचा दोरा ठेवत. संगणकानं काही अचाट आकडा दिला की ते काही न बोलता दोरा ताणायचे.

प्रश्न : न्यूयॉर्कहून लंडनला सात तासांत पोचलो, परत येताना आठ तास लागले. हे म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून. मला ते पटत नाही, पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही. घरातला वाद मिटवा.

उत्तर : वाद मिटवते, पण तुमच्या यजमानांना अर्धा विजय द्यावा लागेल.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं. विमान हवेत लटकलं आणि खालची जमीन सरकली असं होत असतं, तर पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोचलं असतं, कारण मुक्कामच चालून भेटायला आला असता. तुमचा अनुभव नेमका उलटा आहे. पूर्वेकडे येताना वेळ कमी लागला. शिवाय हवा पृथ्वीसोबतच फिरते, नाहीतर घराबाहेर पाऊल टाकताच हजार किलोमीटरच्या वाऱ्यानं आपण उडून गेलो असतो.

खरा खेळ वाऱ्याचा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्या रुंदीला काहीशे किलोमीटर, जाडीला मात्र दोन-चार किलोमीटरच. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, हिवाळ्यात कधी कधी तिनशेच्याही वर. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकातून त्या जन्मतात. ध्रुवाकडे निघालेली हवा पूर्वेकडे वळते, ती मात्र पृथ्वी फिरते म्हणून. हा तुमच्या यजमानांचा अर्धा विजय.

या नद्यांचा शोध लागला त्याची एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यांनी निष्कर्ष छापले एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. झालं असं की जपानबाहेर ते फारसे कुणी वाचलेच नाहीत. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर आली, तेव्हा वैमानिकांना कळेना की इंजिनं पूर्ण जोरात असून विमान पुढे का सरकत नाही.

आता हिशेब. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा आणि वारा १५० चा. पाठीशी वारा घेऊन विमान जमिनीच्या हिशेबानं १,०५० नं जातं, तोंडावर घेऊन ७५० नं. ५,५५० किलोमीटरला एका बाजूनं पाच तास सतरा मिनिटं, दुसऱ्या बाजूनं सात तास चोवीस मिनिटं. चढणं-उतरणं आणि जमिनीवरची धाव वेगळी. इथं एक बारकावा बघा. वाराच नसता तर जाऊन-येऊन बारा तास वीस मिनिटं लागली असती. वाऱ्यासकट बारा तास एक्केचाळीस. म्हणजे एका बाजूनं घेतलेलं वारा दुसऱ्या बाजूनं पूर्ण परत करत नाही, वीस मिनिटं खिशात घालतोच. कारण सोपं आहे. तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो.

माझ्या कामाची खरी मजा या वीस मिनिटांत होती. अटलांटिकवर कायमचे रस्ते नाहीत. रोज वाऱ्याचा अंदाज बघून कॅनडाच्या गँडर आणि युरोपच्या बाजूच्या शॅनविक या हवाई नियंत्रण केंद्रांतून त्या दिवशीचे समांतर मार्ग ठरतात, युरोपकडे येणाऱ्यांसाठी वेगळे, अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे. एका जानेवारीच्या रात्री जेट स्ट्रीम ऐन सरळ वाटेवर आडवी बसली होती. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला मी उत्तरेकडून साडेतीनशे किलोमीटरचा वळसा दिला. कॅप्टन नवा होता. त्यानं फोन करून विचारलं, “मॅडम, आपण फिरायला चाललोय का?” मी म्हटलं, वारा बघा. वळशानं पंचवीस मिनिटं वाचली आणि उतरल्यावर त्यानं स्वतः फोन करून तसं सांगितलं. असे फोन दुर्मीळ. चुकलं की मात्र हमखास येतात.

वाऱ्याची कमाल बघायची असेल तर फेब्रुवारी २०२० मधलं उड्डाण बघा. सिआरा वादळानं जेट स्ट्रीम भन्नाट झाली होती आणि ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलं तर त्याचा वेग तेराशेच्या वर गेला होता. जमिनीलगत आवाज जातो सुमारे १,२२५ नं. तरी विमानानं आवाजाचा वेग ओलांडला नव्हता. कारण ज्या हवेत ते पोहत होतं, तिच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं. खरोखर आवाजाच्या पुढे जाणारं कॉन्कॉर्ड याच वाटेवर १९९६ मध्ये दोन तास त्रेपन्न मिनिटांच्या आत पोचलं होतं. २००३ पासून ते संग्रहालयात उभं आहे.

प्रश्न : तिकिटावर प्रवास सव्वाआठ तासांचा. कॅप्टन माइकवर म्हणाला सात तास दहा मिनिटं. कुणावर विश्वास ठेवू?

उत्तर : दोघांवरही. कॅप्टन चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंतचं बोलतो. तिकिटावरचा वेळ चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून मुक्कामी पुन्हा लावेपर्यंतचा. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायला, रांगेत थांबायला, उतरल्यावर जागेवर यायला मिळून पाऊण तास सहज जातो. वर कंपन्या थोडी उशी ठेवतात. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांत पोचलं तर ‘वेळेवर’ असं धरण्याची पद्धत आहे आणि वेळेवर म्हणवून घ्यायला सगळ्यांनाच आवडतं.

प्रश्न : टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी दहाला पोचतं म्हणे. प्रवासाचा वेळ उणे सात तास धरायचा?

उत्तर : उणे सात तासांत पाय कसे आखडतात ते एकदा अनुभवाच.

माझ्या खोलीत एकच घड्याळ का होतं, त्याचं कारण हेच. निघण्याची आणि पोचण्याची, दोन्ही वेळा ग्रीनिचच्या, म्हणजे यूटीसी वेळेत करा आणि मग वजाबाकी करा. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे. संध्याकाळचे पाच म्हणजे यूटीसी सकाळचे आठ. लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे. सकाळचे दहा म्हणजे यूटीसी संध्याकाळचे सहा. आठ ते अठरा, दहा तास. झाला प्रवास. मधे वार-रेषा ओलांडल्यानं तारीख एक दिवस मागे गेली, एवढंच. वार-रेषाही काही देवानं आखलेली नाही. सामोआनं व्यापाराच्या सोयीसाठी तिची बाजू बदलली आणि २०११ मध्ये तिथं ३० डिसेंबर उजाडलाच नाही.

हिवाळ्यात असं मुद्दाम म्हटलं. बऱ्याच देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात आणि उत्तर-दक्षिण गोलार्धांचे उन्हाळे उलटे. त्यामुळे लंडन आणि सिडनी यांच्यातलं अंतर हलत नाही, पण घड्याळांतला फरक वर्षभरात नऊ, दहा आणि अकरा तास असा फिरतो. जुना आकडा पाठ करून ठेवलात तर फसाल.

मी स्वतः फसले ती याहून साध्या गोष्टीत. बहिणीच्या तिकिटावर निघण्याची तारीख दहा होती, वेळ ००:४०. मी दहाची रात्र धरली. ती होती नवाची. मी न्यायला निघण्याची तयारी करत होते तेव्हा विमान उतरून बरेच तास झाले होते. दार उघडलं तर ही बॅगेवर बसलेली. आयुष्यभर विमानांच्या वेळा काढणाऱ्या बाईला ती काय बोलली, ते इथं छापण्यासारखं नाही.

प्रश्न : हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तास लागत, आता तेरा तास. शहरं लांब गेली का?

उत्तर : शहरं जागेवर आहेत, रस्ता गेला. दोहोंतलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आणि ती वाट जवळपास सगळी रशियावरून. २०२२ मध्ये ते आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. आता विमान एक तर दक्षिणेकडून मध्य आशियावरून जातं, नाहीतर थेट उत्तर ध्रुवावरून पलीकडे उतरतं. ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना प्रमाणपत्र देतात, उशिराची तेवढीच भरपाई.

जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. शीतयुद्धातही सोव्हिएत आकाश बंदच होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीनं कोपनहेगन ते टोकियो सेवा सुरू केली ती ध्रुवाजवळून, अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी थांबून. पुढे कित्येक वर्षं युरोपातून जपानला जाणाऱ्यांच्या ओळखीचं ठिकाण म्हणजे अँकरेजचा विमानतळ होता.

दोरा ताणून अंतर कळतं. वाट कळत नाही. कुणाचं आकाश उघडं आहे, खाली डोंगर किती उंच आहेत, आणि एक इंजिन बंद पडलं तर जवळचा विमानतळ किती मिनिटांवर आहे, हे तिन्ही बघावं लागतं. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो टाळतात ती याचमुळे. केबिनमधला दाब गेला तर विमानाला पटकन तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यायचं असतं, आणि तिथं जमीनच चार-पाच किलोमीटर उंच. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यातला प्राणवायू साधारण पाव तास पुरतो. दोन इंजिनांच्या विमानांवर तर आधी साठ मिनिटांचं बंधन होतं, म्हणजे सतत कुठल्या तरी विमानतळापासून तासाभराच्या आत राहायचं. १९८५ मध्ये ते १२० मिनिटांपर्यंत सैल झालं आणि अटलांटिक त्यांना खऱ्या अर्थानं मोकळा झाला. आमच्या नकाशांवर विमानतळांभोवती अशी वर्तुळं काढलेली असत. दोन वर्तुळांच्या मधे उरलेल्या पांढऱ्या पाचरीत विमानाची रेघ शिरू द्यायची नाही.

प्रश्न : वय पंच्याहत्तर. इतकी मोठी विमानं आली, तरी सिडनी ते लंडन एका दमात का जात नाहीत?

उत्तर : अंतर १७,००० किलोमीटर आहे आणि अडचण इंधनाच्या वजनाची आहे. जास्त लांब जायचं तर जास्त इंधन, ते वाहून न्यायला आणखी इंधन. आज नियमित चालणारी सर्वांत लांबची सेवा सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटर, साडेअठरा तासांच्या वर. त्यासाठीच्या खास एअरबस ए३५० मध्ये १,६५,००० लिटर इंधन मावतं. म्हणजे पूर्ण भरलेल्या विमानाचं जवळजवळ अर्धं वजन इंधनाचंच. माणसं मात्र १६१ च, आणि साधी इकॉनॉमी त्यात नाहीच. रॉकेलच्या टाकीला पंख लावून वर चार खुर्च्या टाकल्यात, असं आम्ही म्हणायचो.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं लंडनहून सिडनीला एक विमान मोजके लोक घेऊन थेट नेऊन पाहिलं. १९ तास १९ मिनिटं लागली. नेहमीच्या भरलेल्या विमानांसाठीही त्यांची तयारी चालू आहे. तुमच्या जन्माच्या सुमाराच्या मानानं हे काहीच नाही. १९४७ मध्ये याच वाटेवर चार दिवस लागत आणि सहा ठिकाणी थांबावं लागे. त्याआधी महायुद्धाच्या काळात पर्थ ते श्रीलंका उडणाऱ्या कॅटलिना विमानांना सत्तावीस ते तेहतीस तास सलग हवेत राहावं लागायचं. आतले मोजके प्रवासी एका प्रवासात दोनदा सूर्योदय बघत.

मला विचाराल तर मी मधे एक थांबा घ्या म्हणेन. तास वाढतात, पण गुडघे दुवा देतात. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर इतक्या लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : एवढं सगळं नको. अंतरावरून तास काढायचं एक सोपं सूत्र द्या.

उत्तर : अंतराला ८५० नं भागा, अर्धा तास मिळवा. सिंगापूर–न्यूयॉर्कवर लावून बघा, साडेअठराच्या आसपास येईल. लांबच्या प्रवासात पूर्वेकडे जात असाल तर अर्धा-पाऊण तास कमी करा, पश्चिमेकडे जात असाल तर तेवढाच वाढवा. हिवाळ्यात थोडा हात सैल सोडा. उत्तर-दक्षिण प्रवासाला ही शेवटची भानगड नाही. हजार किलोमीटरच्या आतल्या उड्डाणांना सूत्र लावू नका, तिथं विमान चढतं न चढतं तोच उतरायला लागतं.

आणि अंतर किलोमीटरमध्येच घाला. सर, या वेळी एकक लिहिलं आहे.